सहल, फोटो आणि छत्तीसचा आकडा

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही घरची अकरा माणसं गुहागरला गेलो होतो. तीन दिवस, एक टेम्पो ट्रॅव्हलर, आणि परत आल्यावर सगळ्यांच्या फोनमधले मिळून १,१४३ फोटो. आकडा इतका नेमका ठाऊक आहे, कारण ते एका जागी गोळा करून त्यातले बरे निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन रविवार गेले. एकाच सूर्यास्ताचे ९७ फोटो निघाले. खानावळीतल्या ताटांचे चाळीसेक. पुतण्याने बटण दाबून धरल्यामुळे त्याच्याच चपलेचे एकापाठोपाठ २६. आणि जिने सगळी सहल जमवून आणली, खोल्यांच्या ॲडव्हान्सपासून आईच्या गोळ्यांच्या वेळांपर्यंत सगळं जिच्या डोक्यात होतं, ती वहिनी फक्त चार फोटोंत सापडली. त्यातल्या दोनांत तिची पाठ होती. बहुतेक वेळ फोन तिच्याच हातात होता ना!

आई बऱ्याच फोटोंत होती, पण कुणाच्या तरी खांद्यामागे, डोळे मिटलेली, नाहीतर मांडीवर सगळ्यांच्या टोप्या, स्वेटर आणि पर्स सांभाळत बसलेली. तिचा एकटीचा, हसरा, नीट फोटो ११४३ मध्ये एकही नव्हता.

मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. पण त्या तीन रविवारांनी जे शिकवलं, त्याचे पुढच्या सहलींत आम्ही काही नियम करून टाकले. ते कुणाही कुटुंबाला, कुठल्याही साध्या फोनवर पाळता येतील असे आहेत.

पहिला नियम वडिलांच्या जमान्यातला. त्यांच्याकडे आधी आग्फा क्लिक थ्री होता. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. नंतर आलेल्या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये छत्तीस. चार दिवसांची सहल त्या एका रोलवर भागायची. उलट शेवटी दोन-तीन फोटो उरायचे, आणि रोल धुवायला टाकता यावा म्हणून घरी आल्यावर आम्हा भावंडांना गॅलरीत उभं करून ते ‘संपवले’ जायचे. लोकांचा छत्तीसचा आकडा भांडणाचा. आमच्या घरी तो काटकसरीचा होता. आता फोटोला पैसे पडत नाहीत, म्हणून काढा हवे तितके. पण दिवस संपताना सगळ्या कुटुंबाचे मिळून छत्तीसच ठेवायचे. ही एक अट डोक्यात असली की दिवसभर फोन कधी बाहेर काढायचा आणि कधी खिशात ठेवायचा, हे आपोआप कळायला लागतं.

निघण्याआधीच्या दहा मिनिटांत

फोनमध्ये जागा आहे का ते आदल्या रात्री बघा. नेमक्या क्षणी ‘स्टोरेज फुल’ येणं आणि मग घाटात बसून गुड मॉर्निंगचे फोटो पुसत बसणं, हे प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं असतं. साधारण १२ मेगापिक्सेलचा एक फोटो दोन ते पाच एमबी घेतो, पण खरी जागा खातात ते व्हिडिओ. फोर-केमध्ये घेतलेला एका मिनिटाचा व्हिडिओ दीडशे एमबीच्या पुढे सहज जातो. घरगुती व्हिडिओला फुल एचडी पुष्कळ झालं.

लेन्स पुसा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण फोटो धुरकट येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. बोटाचं तेल आणि खिशातली धूळ लेन्सवर बसते, आणि समोर सूर्य किंवा दिवा आला की सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा येतो. आजीच्या जुन्या सुती साडीचा धुतलेला मऊ तुकडा खिशात ठेवा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, त्यात वाळूचा कण असला तर ओरखडा कायमचा.

सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या जाळीच्या रेघा चालू करा. समुद्राची रेघ तिरकी आलेली नंतर फार खुपते, या रेघांनी ती सरळ ठेवता येते. लोकेशनही चालू ठेवा. दहा वर्षांनी ‘हे देऊळ वेळणेश्वरचं की हेदवीचं’ यावरून वाद होणार नाही. कुणी जुना डिजिटल कॅमेरा बरोबर घेणार असेल तर त्यातलं घड्याळ बरोबर करा, नाहीतर त्याचे फोटो बाकीच्यांत मिसळताना दुपारचं जेवण सकाळच्या चहाच्या आधी येईल.

आणि सर्वांत महत्त्वाचं काम: रोजचा फोटोवाला ठरवा. पहिल्या दिवशी वहिनी, दुसऱ्या दिवशी दादा, तिसऱ्या दिवशी दहावीतली भाची. ज्याचा दिवस, त्याने लक्ष ठेवायचं. बाकीच्यांनी काढायचेच नाहीत असं नाही, पण जबाबदारी त्याची. यात दोन गोष्टी साधतात. रोज वेगळी नजर मिळते, आणि कुणी एक माणूस सगळ्याच फोटोंतून गायब होत नाही.

सूर्य कुठे आहे ते आधी बघा

कोकण किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, म्हणून सगळे संध्याकाळी किनाऱ्यावर जमतात आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. उजेड मागून, चेहरे काळे. मग फोटो काढणारा ओरडतो, ‘अरे, दिसत नाहीये कुणी!’ आमचे ९७ सूर्यास्त असेच होते.

याला तीन उपाय आहेत. पहिला, स्वतः समुद्राकडे पाठ करा आणि माणसांना सूर्याकडे तोंड करून उभं करा. मावळतीचा उजेड चेहऱ्यावर हळदीसारखा पडतो, मागे सुरूची झाडं येतात. समुद्र येत नाही, पण माणसं येतात. दुसरा, माणसं काळीच हवी असं ठरवा. मग एकमेकांना न चिकटता, अंतर ठेवून उभं करा, कुणी उडी मारू दे, कुणी नातवाचा हात धरू दे. पडद्यावर आकाशावर बोट ठेवा, फोन उजेडाचं माप तिथलं घेतो आणि आकृत्या स्वच्छ काळ्या उठतात. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो: सूर्य बुडाला की सगळे चपला झटकून निघतात, तेव्हा पंधरा मिनिटं थांबा. त्या वेळी उजेड चारी बाजूंनी सारखा आणि मऊ असतो, कुणी डोळे किलकिले करत नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातच्या पुढे, त्या हिशेबाने चहा आधी उरका.

समुद्र आणि चेहरे दोन्ही हवे असतील तर किनाऱ्यावर सकाळी जा. आपल्या किनाऱ्याला सकाळचा सूर्य गावाच्या बाजूने येतो. माणसं समुद्राकडे पाठ करून उभी राहिली तरी उजेड थेट तोंडावर. गर्दीही नसते.

दुपारी बारा ते तीन मात्र उघड्यावर चेहऱ्यांचे फोटो काढू नका. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात, टोपी घातली तर अर्धा चेहराच जातो. या वेळेला कोकणातल्या घराची पडवी हा उत्तम स्टुडिओ आहे. माणसाला पडवीच्या कडेशी, अंगणाकडे तोंड करून बसवा. वर छप्पर, समोर उजळ अंगण. झाडाखाली बसवणार असाल तर पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर नाहीत ना, तेवढं बघा.

अकरा माणसांचा एक फोटो

ग्रुप फोटो दिवसातून एकच, पण ठरवून. तो सकाळी निघतानाच काढा. तेव्हा केस विंचरलेले असतात, लहान मुलं ताजी असतात आणि कुणाला गाडी लागलेली नसते. आमच्या सहलीत ग्रुप फोटो कुंभार्ली घाट उतरून आल्यावर काढला. त्यात दोघांच्या हातात लिंबू आहे आणि एकाच्या तोंडात आवळासुपारी.

सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की फोटो रेशनच्या दुकानासमोर काढल्यासारखा होतो, आणि चेहरे डाळीएवढे दिसतात. पायऱ्या शोधा. लॉजच्या, देवळाच्या, गडाच्या, कुठल्याही. वडीलधारी मध्ये बसलेली, मुलं खालच्या पायरीवर, उंच मंडळी मागे. सगळे मावत नाहीत म्हणून फोनमधला अर्धा झूम, म्हणजे ०.५ वापरू नका. त्यात कडेची माणसं आडवी ताणली जातात, आणि कडेला नेमके काका असतात ज्यांना आधीच पोटावरून बोलणी खावी लागतात. त्यापेक्षा चार पावलं मागे जा, १ वरच ठेवा.

अकरांतल्या एकाचे तरी डोळे मिटतातच. यावर एक युक्ती: सगळ्यांना आधी डोळे मिटायला सांगा, ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला लावा आणि लगेच चार-पाच फोटो काढा. शेवटचा बहुतेक वेळा सर्वांत चांगला येतो, कारण ‘झालं’ असं वाटून लोक सैल पडतात आणि खरं हसतात. हसू आणायला ‘चीज’ कशाला? ‘भजी’ म्हणायला लावा. शेवटच्या ईकाराने ओठ तितकेच फाकतात, आणि पाठोपाठ ‘कुठे मिळतील?’ असा प्रश्न आला की सगळे हसतात. ‘मोदक’ म्हणायला लावू नका, तोंडाचा चंबू होतो.

फोटोवालाही फोटोत हवाच. फोन चपलेला किंवा पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीपेक्षा हे कितीतरी बरं. सेल्फीत पुढच्याचं नाक मोठं आणि मागचे ठिपके. अनोळखी माणसाला सांगणार असाल तर आधी स्वतः कुठे उभं राहायचं ते ठरवा, फोन आडवा धरून त्यांच्या हातात द्या आणि ‘पायापर्यंत सगळे येऊ द्या’ एवढं सांगा. मग त्यांच्याही कुटुंबाचा एक नीट काढून द्या. त्यांच्यातलाही फोटोवाला असाच बाहेर राहिलेला असतो.

आजी आणि नातू

लहान मुलांचे फोटो वरून काढले की डोकी मोठी आणि पाय इवलेसे येतात. वाळूत गुडघे टेका, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या. ‘इकडे बघ, हस’ म्हणू नका. मूल किल्ला करत असेल तर करू द्या. तुमच्याकडे बघून दात दाखवणारं मूल सगळ्या फोटोंत सारखंच दिसतं, पण जीभ बाहेर काढून वाळूचा बुरूज थापटणारं मूल तेच एक असतं. पळापळीचे फोटो भर उजेडात काढा, कमी उजेडात ते हलतात. कॅमेरा वापरत असाल तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. फोनवर एकापाठोपाठ फोटो घ्या आणि त्याच रात्री त्यातला एक ठेवून बाकीचे पुसा, म्हणजे चपलेचे २६ उरणार नाहीत.

वडीलधाऱ्यांची अडचण वेगळी. ‘माझा काय काढायचाय आता’ म्हणत आजी पदर तोंडावर घेते. तिला फोटोसाठी उभं करू नका. तिच्या हातातल्या पर्स आणि टोप्या आधी तुम्ही घ्या. शेजारी बसा, तिच्या माहेरचं काही विचारा. ती बोलायला लागली की दुसऱ्या कुणीतरी चार-पाच पावलांवरून, दुप्पट झूम लावून फोटो काढावा. जवळ जाऊन काढला तर नाक आणि कपाळ पुढे येतं. थोडं लांबून, झूमने, चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा दिसतो. चष्म्यात आकाश चमकत असेल तर मान किंचित खाली करायला सांगा किंवा स्वतः बाजूला सरका.

त्यानंतर आम्ही हरिहरेश्वरला गेलो, तेव्हा आईचा फोटो असाच निघाला. ती पडवीत बसून भाचीला तांदळाच्या पिठाची उकड कशी मोडायची नाही ते सांगत होती. एक हात हवेत, बोटं मिटलेली, जणू त्यात उकड आहेच. फोटोत तिचं कॅमेऱ्याकडे लक्षही नाही. आता तोच बैठकीत लावलाय.

जमलं तर अशा वेळी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही घ्या, फोन आडवा धरून आणि वाऱ्याकडे पाठ करून. काही वर्षांनी चेहऱ्याच्या आधी आवाज विसरतो.

ताटं, तिकिटं आणि हात

अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तूंबद्दल लोकांना कमी आठवत होतं. जणू कॅमेऱ्याने बघितलंय म्हटल्यावर डोक्याने लक्ष देणं सोडलं. पण ज्यांना वस्तूचा एखादा भाग झूम करून काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण तशी उणावली नाही.

यातून सहलीसाठी घेण्यासारखं हे, की अख्खा समुद्रकिनारा वारंवार काढण्यापेक्षा एखादी बारीक गोष्ट जवळून काढा. त्यासाठी आधी नीट बघावं लागतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत दोन गाड्यांच्या फटीतून दिसणारं वाशिष्ठीचं पाणी. बोटीचं तिकीट धरलेला दादाचा हात. खानावळीतल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं त्या दिवसाचं जेवण. सोलकढीची मिशी आलेला पुतण्या. ताटाचा फोटो हवा असेल तर वाढताना काढा, वाढणारा हात येऊ द्या, आणि एकच काढा. मोदकावरचं तूप थिजायच्या आत खायचं असतं.

लेणी, गड आणि गाभारा

अजिंठ्याला जाणार असाल तर फ्लॅश बंद करूनच आत शिरा. तिथल्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. तीव्र उजेडाने जुने रंग उडतात आणि पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यांतली चित्रं दीड हजार वर्षांच्या आसपासची आहेत. बरेच फोन फ्लॅश ‘ऑटो’वर ठेवतात आणि अंधारात तो आपसूक उडतो, म्हणून बाहेरच ‘ऑफ’ करा. आत नाइट मोड वापरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास रोखून बटण दाबा. तोल सांभाळायला भिंतीला टेकू नका. मुख्य म्हणजे आधी दहा मिनिटं फोन न काढता अंधाराला डोळे सरावू द्या. बोधिसत्त्व पद्मपाणीच्या हातातलं कमळ फोनपेक्षा डोळ्यांना जास्त स्वच्छ दिसतं. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, तेवढं बघून बेत आखा.

देवळाच्या गाभाऱ्यात फोटो चालतो का, ते पुजाऱ्यांना विचारा. पाटी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या गडांवर आणि लेण्यांत ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायला आधी परवानगी लागते. गडावरचा फोटो बुरुजाचा काढण्यापेक्षा पायथ्याचा आणि माथ्याचा असा जोडीने काढा: निघताना सगळ्यांचे चेहरे, आणि वर पोचल्यावर त्याच माणसांचे.

वाटेत भेटलेल्या माणसांचंही तेच. जाळं विणणारे आजोबा, मासळी बाजारातली मावशी, गुरं वळणारं पोर, ही काही देखावा नाहीत. आधी दोन शब्द बोला, विचारा, नाही म्हटलं तर फोन खाली. काढला तर त्यांना दाखवा.

‘अजून थोडं मागे’ म्हणू नका

हेदवीला बामणघळ आहे. भरतीच्या वेळी लाट खडकातल्या अरुंद घळीत शिरते आणि पाण्याचा फवारा उंच उसळतो. सगळ्यांना तो फवारा मागे धरून फोटो हवा असतो. खडक शेवाळलेला, लाट किती येईल याचा भरवसा नाही. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो, आणि तेवढ्या वेळात तीन वेगवेगळ्या कुटुंबांतल्या फोटोवाल्यांना ‘अजून थोडं मागे’ म्हणताना ऐकलं.

कड्यावर, बुरुजावर, खडकावर आणि धबधब्याखाली हे शब्द उच्चारायचेच नाहीत, असा घरात नियम करा. ज्याचा फोटो काढायचा तो सुरक्षित जागी उभा राहील आणि हलणार नाही. हलायचं असेल तर फोटो काढणाऱ्याने, तेही फोन खाली करून आणि मागे बघून. मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी काढताना मुली समुद्रात पडल्यानंतर २०१६ मध्ये पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागा ‘नो सेल्फी झोन’ म्हणून ठरवल्या. लोणावळ्याला भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी ओढ्याचं पाणी अचानक वाढलं आणि एका कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी काही मिनिटांत वाढतं. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात उभं राहून फोटो काढायचा नाही, यात सूट नाही.

फोन-कॅमेऱ्याच्या जिवाचंही थोडं बघा. खारा वारा लागला की संध्याकाळी किंचित ओल्या कापडाने पुसून मग कोरडा करा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. पाच मिनिटं थांबा, पुसत बसू नका. मोठा कॅमेरा असेल तर पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, कपाटातल्या कातडी पिशवीत ठेवलात तर लेन्सला बुरशी धरते. बुरशीने लेन्स गमावलेली घरं कोकणात कितीतरी आहेत.

रात्रीची पंधरा मिनिटं

निवडायचं काम घरी आल्यावर करू म्हटलं की ते होत नाही, किंवा माझ्यासारखे तीन रविवार जातात. रोज रात्री जेवण झाल्यावर लॉजच्या खोलीत सगळे बसा आणि त्या दिवशीचे छत्तीस निवडा. मुलांना यात फार मजा येते. एकसारख्या पाच फोटोंतला एक ठेवायचा, बाकीचे तिथल्या तिथे पुसायचे. ज्यात कुणाचा अपमान होतोय, तोंड वेडंवाकडं आलंय आणि त्या माणसाला ते नकोय, तो फोटो त्याच्या सांगण्यावरून जायचा. छत्तीस निवडून झाले की आणखी एक प्रश्न विचारा: आज कोण नाही आलं? ज्याचं नाव निघेल, त्याचा उद्याचा पहिला फोटो.

पाठवापाठवीची गंमत वेगळीच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, आणि त्यात कधी-कुठे काढला ही माहिती उरत नाही. पडद्यावर बरा दिसतो, मोठा छापायला घेतला की पिक्सेल दिसतात. मूळ फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा गूगल फोटोजमध्ये सगळ्यांसाठी एकच अल्बम करा. तिथली मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि जीमेल, ड्राइव्हसकट १५ जीबीच मिळतात. पण दिवसाला छत्तीसच ठेवले तर ते वर्षानुवर्षं पुरतात. शिवाय एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे ठेवा. फोन चोरीला जातो, पाण्यात पडतो, डिस्क बंद पडते. तिन्ही एकदम होत नाही.

जगजाहीर करताना दोन गोष्टी. सहलीत असतानाच ‘आम्ही सगळे गुहागरला’ असा फोटो टाकणं म्हणजे घराला कुलूप आहे हे सांगणं. परत आल्यावर टाका. आणि मुलांचे पोहतानाचे, कपडे बदलतानाचे फोटो घरच्या गटातसुद्धा पाठवू नका, कारण पुढे ते कुठे जातील यावर आपला ताबा राहत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तर विचारूनच टाका. त्याला नकार देता येतो हे त्याला घरातच कळलेलं बरं.

कागदावर उतरवा

शेवटी सगळ्या सहलीचे बारा-पंधरा फोटो छापून घ्या. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या साध्या फोनचाही फोटो चालतो. एक खोच लक्षात ठेवा: फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि प्रिंट तीनास दोन. त्यामुळे आडव्या फोटोचा वरचा-खालचा मिळून सुमारे नववा हिस्सा कापला जातो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मामांचं डोकं जातं ते इथे. म्हणून काढतानाच डोक्यावर वीतभर मोकळी जागा ठेवा, किंवा दुकानात देण्याआधी स्वतःच कापून द्या.

चिकट पानांचे अल्बम टाळा. त्या पानांच्या गोंदाने जुने फोटो पिवळे पडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. खिसे असलेला अल्बम घ्या. फोटोच्या पाठीवर गाव, तारीख आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठतो. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या आणि शाई वाळल्यावरच फोटो एकावर एक ठेवा. वडिलांच्या अल्बममध्ये १९७८ चा महाबळेश्वरचा एक फोटो आहे. त्यात सात माणसं आहेत. दोघांची नावं आता घरात कुणालाच सांगता येत नाहीत, आणि विचारायला कुणी उरलेलं नाही.

तो फोटो कुणी काढला, हेही कुणाला ठाऊक नाही. म्हणून पाठीवर एक नाव शेवटी आणखी लिहा: काढणाऱ्याचं. आणि पुढच्या सहलीला गाडी सुरू व्हायच्या आधी, पहिला फोटो त्याचाच काढा.